चिमणीभोवतीची जमीन

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या लोअर परळच्या कचेरीच्या आवारात विटांची एक जुनी चिमणी एकटीच का उभी ठेवली आहे, असे तू परवा फोनवर विचारलेस. दोन वाक्यांत उरकण्यासारखा तो विषय नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलो.

तू लिफ्टने चढतेस तिथे कापडगिरणी होती. १८५० च्या दशकात ताडदेवला मुंबईतली पहिली गिरणी निघाली आणि पुढे लालबाग, परळ, भायखळा, वरळी हा सारा टापू गिरणगाव झाला. कोकणातून आणि घाटावरून आलेला एकटा गडी गावकीच्या गाळ्यात वळकटी टाकी, खानावळीत जेवी आणि भोंग्याच्या तालावर दिवस काढी. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच्याच जागेवर तिसऱ्या पाळीचा येऊन आडवा होई; अंथरूण गार व्हायला सवड नसे.

तुझे आजोबा साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, होते. मागावर आडवे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी धोट्यात सुताची नवी कांडी बसवली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे, अशी जुनी रीत होती. सुताबरोबर तूसही घशात जाई. गिरणगावच्या एकोप्याच्या गोष्टी आम्ही रंगवून सांगतो, पण याच उष्ट्या धाग्याचे निमित्त करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साळखात्यात, म्हणजे चांगल्या मजुरीच्या कामावर, घेत नसत, हे सांगायचे टाळतो. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, नुसता विरत गेला. आजोबा महिन्या-दोन महिन्यांसाठी म्हणून गावी गेले, ते पुन्हा साच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, उभे राहिले नाहीत. संपाने गिरण्या बुडवल्या असे लोक म्हणतात, ते मला अर्धेच पटते. कापड आधीपासूनच भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होते आणि पुढे गिरणीपेक्षा तिच्या खालची जमीनच मोलाची ठरली.

खरी मेख त्या जमिनीच्या वाटणीत आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानुसार जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी आणि एक मालकाकडे, असा हिशेब होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मुळात बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच ठेवली. आता खाती, गोदामे, शेड यांनी खचाखच भरलेल्या गिरणीत मोकळे असे कितीसे असणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. तुझ्या खिडकीतून काचेचे मनोरे दिसतात आणि मैदान दिसत नाही, त्याचे बरेचसे कारण ‘मोकळे’ या एका शब्दात आहे. चिमणीचे काय, ती जागा थोडी अडवते आणि फोटोत छान दिसते.

आजोबांचा एक धोटा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. गणपतीला येशील तेव्हा काढून ठेवतो. त्याच्या बाजूचे बारीक भोक बघ. त्याच्याभोवतीचे लाकूड ओठ लागून लागून गुळगुळीत झाले आहे.

तुझा,
बाबा