महापुरातल्या ड्युटीचे दिवस मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की जिल्ह्यात पूरनियंत्रणाच्या बैठका सुरू होतात आणि बोटी, लाइफ जॅकेट, निवारा केंद्रे यांचा हिशेब मांडला जातो. त्या हिशेबातला एक रकाना मला दरवर्षी रिकामा दिसतो: पुरात राबणाऱ्या अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताईंच्या कामाच्या दिवसांचा. तो का भरायला हवा, हे सांगताना दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बायकांचा दाखला द्यावासा वाटतो.

त्या काळी तिथल्या कष्टकरी घरातली मुलगी चौदाव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत, दुकानात किंवा दुसऱ्याच्या घरी कामाला लागे. कोणी शिकून शिक्षिका झालीच, तर बहुतेक ठिकाणी लग्न होताच तिची नोकरी जाई. युद्धाची चिन्हे दिसू लागली तेव्हा हाक मात्र याच बायकांना गेली. आपल्याकडे व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड रीडिंग यांच्या पत्नी लेडी रीडिंग यांनी १९३८ मध्ये हवाई हल्ल्यातल्या बचावकार्यासाठी स्त्रियांचे स्वयंसेवक दल उभारले आणि युद्धकाळात त्याची संख्या दहा लाखांच्या घरात गेली. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने तर वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना आणि अपत्य नसलेल्या विधवांना सैन्याची सहायक दले, नागरी संरक्षण किंवा कारखाना यांपैकी एक काम पत्करणे सक्तीचे झाले.

७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. हवाई हल्ल्याच्या वेळी आपापल्या वस्तीवर लक्ष ठेवणाऱ्या दर सहा वॉर्डनांत सुमारे एक बाई होती आणि त्यांतल्या कित्येकजणी दिवसभर आपली नोकरी करून रात्री डोक्यावर लोखंडी टोप चढवून गस्तीला निघत. वॉर्डनचे काम म्हणजे दिवे विझवायला लावणे, एवढीच आपली समजूत असते. खरे मोल होते ते तिच्या माहितीला. आपल्या वस्तीत कोण जिन्याखालच्या कोनाड्यात झोपते, कोण परसातल्या शेल्टरमध्ये आणि कोणत्या घरात आज पाहुणे आहेत, हे तिला ठाऊक असे. घर कोसळले की कुठे खणायचे, हे बचाव पथक तिलाच विचारत असे. वेस्ट ब्रॉमविचच्या चौदा वर्षांच्या चॅरिटी बिक या मुलीने बॉम्ब पडत असताना सायकलवरून निरोप पोचवले. तिला शौर्यासाठीचे जॉर्ज मेडल मिळाले.

हे वाचताना मला ऑगस्ट २०१९ आठवतो. मी तेव्हा अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. नदीकाठच्या एका गावात बोट आली तेव्हा आमची एक सेविका गुडघाभर पाण्यात उभी होती. सर्वेक्षणाची वही दुधाच्या पिशवीत गुंडाळून तिने पदराने कमरेला बांधली होती. बोटीवरच्या जवानांना ती सांगत होती, "तिसऱ्या गल्लीत माळ्यावर आठ दिवसांची बाळंतीण हाय. तिच्या पल्याडच्या म्हातारीला हाका मारून भागायचं न्हाई, तिला ऐकू येत न्हाई. जिन्यानं वर जावा." बोट तिच्या सांगण्याप्रमाणेच फिरली. तिचे स्वतःचे घर पडल्याचे तिला तिसऱ्या दिवशी कळले.

पाणी ओसरल्यावर तिच्या नऊ दिवसांची नोंद कोणत्याच कागदावर राहिली नाही. मासिक अहवालात त्या दिवसांपुढे 'अंगणवाडी बंद' एवढेच शब्द होते, आणि त्या अहवालावर सही माझी होती. ती सही मला आजही टोचते.

ब्रिटनमध्येही बायकांना सगळे आपसूक मिळाले नाही. पूर्णवेळ पुरुष वॉर्डनला आठवड्याला तीन पौंड, तर स्त्रीला दोन. एकाच बॉम्बने दोघे जखमी झाले तरी बाईची भरपाई आठवड्याला सात शिलिंगांनी कमी होती. मेव्हिस टेट आणि एडिथ समरस्किल या खासदार परस्परविरोधी पक्षांतल्या असूनही या प्रश्नावर एकत्र लढल्या आणि एप्रिल १९४३ मध्ये भरपाई समान झाली. समान वेतनाचा कायदा यायला मात्र १९७० उजाडले. तरीही एक गोष्ट तिथे सुरुवातीपासून होती: सेवेचे दिवस मोजले जात. म्हणून तर युद्धानंतर नागरी संरक्षणात तीन वर्षे काढलेल्या सामान्य बाईलाही डिफेन्स मेडल मागता आले.

युद्धाने देशोधडीला लागलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना, त्यातही मुख्यतः बायकामुलांना, आपल्या वळिवड्याने आसरा दिला होता आणि त्याची आठवण कोल्हापूरने जपली आहे. आपल्याच गावच्या बायांच्या कामाची नोंद ठेवणे या जिल्ह्याला जड जाऊ नये. सेविकांच्या श्रमाला 'मानधन' म्हणून बाजूला सारण्याचे दिवसही संपत आले आहेत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आहे.

माझी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे की, बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचले की त्याच दिवसापासून नदीकाठच्या प्रत्येक गावातल्या सेविका, मदतनीस आणि आशाताईंची पूरड्युटीची वेगळी हजेरी सुरू करावी. त्या हजेरीची एक प्रत त्यांच्या हाती द्यावी, आणि त्या कामात कोणी जखमी झाली तर बोटीवरच्या जवानाला जी भरपाई मिळते तीच तिलाही मिळावी.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका,
कोल्हापूर