सुरगाण्याचा फ्रीज वेगळा, मालेगावचा वेगळा

महोदय,

उन्हाळ्यात उष्माघात कक्ष हवेतच. पण हवामानाच्या तडाख्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातला लशींचा फ्रीज, म्हणजे आयएलआर, तितकाच नाजूक असतो. आपल्या नाशिक जिल्ह्यात मालेगाव-नांदगावकडे तो मे महिन्याच्या उन्हात सापडतो, तर सुरगाणा-पेठला जुलैत तारांवर झाडे पडून वीज जाते. दोन्हीकडे एकच यंत्र देऊन भागणार नाही.

लस २ ते ८ अंशांत राहावी लागते. आयएलआरच्या भिंतीतला बर्फ वीज गेल्यावरही गारवा धरतो, पण तो पुन्हा गोठायला दिवसाला किमान ८ तास वीज लागते. एखाद्या रात्री वीज गेल्याने बिघडत नाही; लागोपाठ तीन-चार दिवस तुटक वीज मिळाली की बिघडते.

मग लस कोल्ड बॉक्समध्ये हलवतात आणि खरे नुकसान तिथे होते. घाईत डीप फ्रीजरमधले आइसपॅक थेट भरले जातात. त्यांना चिकटलेल्या पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) यांच्या कुप्या गोठतात आणि गोठलेली लस निकामी होते. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने गडद होत जाणाऱ्या चौकोनाची खूण, फक्त उष्णता दाखवतो, गोठणे नाही. चौकोन पांढरा दिसतो आणि ती लस बाळाला टोचली जाते! आइसपॅक बाहेर काढून ठेवावेत, कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळले की पुसून मगच भरावेत.

सोलर फ्रीज मालेगाव-नांदगावला जरूर द्यावेत. पण बिनबॅटरीचा सोलर फ्रीज साधारण तीन दिवस ऊन नसेल तर तग धरेल, अशा हिशेबाने बनवतात. सुरगाण्यात आषाढातली झड त्याहून लांबते. तिथे जनरेटर जोत्याच्या वर बसवलेला आणि डिझेल मृगाआधी भरलेले हवे. ईव्हिन या लससाठ्यावर ऑनलाइन नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचा तापमानाचा इशारा मोबाइलवर येतो, पण टॉवर बंद असेल तर तोही येत नाही; म्हणून दोन वेळची नोंद सुट्टीच्या दिवशीही वहीत व्हावी.

उन्हाच्या पट्ट्यात खोलीच सांभाळावी लागते. आयएलआर साधारण ४३ अंशांपर्यंतच्या बाहेरच्या तापमानासाठी बनवलेले असतात. पत्र्याखाली ती मर्यादा सहज गाठली जाते. छताला फेब्रुवारीत चुन्याचा पांढरा हात, भिंतीपासून १० सेंटिमीटर अंतर, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र स्टॅबिलायझर, एवढे तरी व्हावे. प्रसूतिकक्षातल्या ट्रेमध्ये दिवसभर राहिलेल्या ऑक्सिटोसिन या रक्तस्राव रोखणाऱ्या इंजेक्शनची ताकदही उष्म्याने घटते. दिसायला ते तसेच असते. कळते ते बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना तेव्हा.

जिल्हा परिषदेने प्रत्येक केंद्राचे छत, फीडर (वीज पुरवणारी वाहिनी) आणि मिळणारी वीज यांची यादी करावी व दुरुस्तीच्या क्रमात ही केंद्रे वर घेण्याची मागणी महावितरणकडे करावी. वीज न आल्यास लस कोणत्या केंद्रात हलवायची, कोणती गाडी नेणार आणि चालकाचा नंबर काय, हा कागद प्रत्येक आयएलआरच्या झाकणावर चिकटवलेला असावा.

– एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, नाशिकरोड