फाट्यावरून मित्रास पत्र

प्रिय गड्या,

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. अमेरिकेत मोजावेच्या वाळवंटातल्या अम्बॉय या ओसाड गावात पेट्रोल भरायला थांबलास आणि तुला आपला फाटा आठवला, अन् तोही एक दिवस असाच ओस पडेल असं वाटलं! आपल्याकडे कुठलं आलं वाळवंट? पण मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की दुपारी फाट्यावर कुत्रंही दिसत नाही, एवढं खरं.

अम्बॉयचं बरंचसं मरण १९७३ मध्ये आलं, बाजूनं नवा महामार्ग गेला तेव्हा. आपल्याकडे तो खेळ ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. त्या दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, अन् रात्रीच्या ट्रॅव्हल्स, कारवाले, बरेचसे ट्रक आपल्या वाशीमकडच्या मालेगाव-मेहकरचा जुना रस्ता सोडून तिकडे वळले. आता तर रस्ता पार ठाण्यापर्यंत गेलाय. त्याला मी शिव्या घालणार नाही. पेशंट घेऊन नागपूर गाठायचं तर तोच बरा. पण तिथं वाटेल तिथं थांबता येत नाही, आणि फाटा म्हणजे तर सारं थांबण्यावरच!

पंक्चरवाला आठवतो ना, ट्रकचं चाक एकटा खोलायचा? आता मोटारसायकलच्या ट्यूबा पाण्यात दाबून बुडबुडे शोधत बसतो. मी विचारलं, धंदा कसा आहे? म्हणाला, "ट्रक गेले भाऊ, पण फटफट्या समृद्धीवर चढू देत नाही ना, त्या आपल्याच हायत." हॉटेलवाल्यानं मोठी कढई उतरवून ठेवली, आलूबोंडे आता सकाळी एक घाणा अन् बाजाराच्या दिवशी दोन. पानठेला मात्र जोरात आहे. कसा, ते मला अजून कळलं नाही.

गंमत म्हणजे एसटीनं फाटा धरून ठेवलाय. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून मेहकरला जाणाऱ्या बायकांची सकाळी ही गर्दी! आधी काळीपिवळीत कोंबून जायच्या, आता काळीपिवळीवाला कडुलिंबाखाली पेपर वाचतो. सोयाबीन निघालं की ट्रॅक्टरही इथंच थांबतात, मग भजी.

म्हणून तुला वाटतं तसा आपला फाटा अम्बॉय होणार नाही. तिथं मागं गावंच नव्हती. इथं आत पाच-सहा गावं आहेत, त्यांना बाहेर पडायला हेच तोंड.

दिवाळीला येशील तेव्हा नागपूरहून मुक्कामी एसटी धर. ट्रॅव्हल्सवाला तुला समृद्धीच्या टोलनाक्यावर उतरवून देईल, आणि तिथून घरी आणायला मलाच यावं लागेल. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
फाट्यावरचा दोस्त