मत्तयाची केस

नगर,
रविवार, दुपार

प्रिय बेनी,

परवा तुझा फोन ठेवला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. म्हटलं, लिहूनच काढावं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि चिडलो की मला मुद्दे सुचत नाहीत, हे तुला सातवीपासून माहीत आहे.

तू म्हणालास, "तुमचा मत्तय वकील असता ना, तर पहिल्याच तारखेला केस हरला असता." म्हणजे येशूचं चरित्र लिहिणारा आमचा मत्तय. तुमच्या होशेय संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायातलं अर्धं वाक्य त्याने उचललं, 'मी माझ्या मुलाला मिसरातून बोलावलं', आणि योसेफ-मरिया बाळ येशूला घेऊन मिसरातून (इजिप्तमधून) परतले त्या प्रसंगाला डकवून दिलं. वर आणि लिहिलं की वचन पूर्ण झालं. होशेय तिथे पुढचं काही सांगतच नाही. मोशेने इस्राएल लोकांना मिसरातून सोडवलं त्या वेळची, होऊन गेलेली गोष्ट सांगतोय. आणि त्यातला मुलगा म्हणजे अख्खं इस्राएल.

सगळं मान्य. यातला एक शब्द मी खोडणार नाही. आमच्या शब्बाथशाळेत (हो, रविवारी भरायची तरी शब्बाथशाळाच, तू किती हसायचास यावर) बाईंनी ते वचन घोकून घेतलं, पण होशेयाचं पान उघडून कधी दाखवलं नाही. मी ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा तिशी उलटली होती, आणि मलाही कोणीतरी फसवल्यासारखंच वाटलं होतं. तेव्हापासून फावल्या वेळात हाच उद्योग करत आलोय. बाबांच्या जुन्या शास्त्राच्या (बायबलच्या) समासात ते मुंग्यांसारखे बारीक संदर्भ छापलेत ना, ते एकेक उघडून बघायचे. त्यातून माझं मत असं झालंय की मत्तयाला जुनी वचनं नव्याने वापरायचं हे वळण लागलं ते तुमच्याच, म्हणजे यहुद्यांच्या, घरात.

घरावरून आठवलं. रास्ता पेठेतलं तुमचं घर, वल्हांडणाची, मिसरातून सुटकेच्या सणाची रात्र. तुझी आजी त्याला आनशी ढाकाचा सण म्हणायची. ताटात एक भाजलेलं हाड होतं. मी विचारलं, हे खायचं कधी? सगळे हसले. आजोबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, मंदिर गेलं, बळीचं कोकरू गेलं, आता आठवणीपुरतं हाड. आणि ते भाजलेलंच हवं, उकडलेलं चालत नाही. मोशेच्या दुसऱ्या पुस्तकात, निर्गमाच्या बाराव्या अध्यायात स्पष्ट आहे: कच्चं खाऊ नका, पाण्यात उकडून खाऊ नका, विस्तवावर भाजा.

आता मोशेचं पाचवं पुस्तक, अनुवाद, त्यातलं १६:७ काढ. कोकरू तेच, सण तोच, पण हिब्रू क्रियापद 'बाशल', उकडणं. निर्गमात ज्याला पाण्याबरोबर बांधून नको म्हटलंय, तेच. एका ठिकाणी उकडू नका, दुसऱ्या ठिकाणी उकडा, आणि दोन्ही मोशेच्या तोंडून. चुलीपाशी बसलेल्या माणसाने करायचं काय?

याचं उत्तर पुष्कळ काळ लोटल्यावर आलं, इतिहासाच्या पुस्तकात, तुमच्या दिव्रे हयामीममध्ये. दुसरा इतिहास ३५:१३, योशीया राजाचा तो मोठा वल्हांडण. लेखक लिहितो, त्यांनी वल्हांडणाचं कोकरू 'विस्तवावर उकडलं, नियमाप्रमाणे'. बेनी, विस्तवावर उकडतात का काही? तुझ्या आजीने पळी फेकून मारली असती. क्रियापद अनुवादातलं, विस्तव निर्गमातला, आणि वर 'नियमाप्रमाणे' हा शिक्का. तेही चुकून नाही. त्याच वचनात पुढे बाकीचं पवित्र मांस भांड्यांत, हंड्यांत, कढयांत उकडल्याचं तो लिहितो, म्हणजे उकडणं कशाला म्हणतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भाषांतरं इथे 'भाजलं' म्हणून मोकळी होतात, त्यामुळे मला ही खोच वर्षानुवर्षं दिसली नव्हती. तू एकदा फोनवर ते वचन हिब्रूत वाचून दाखवलंस तेव्हा दिसली. आठवतं का? तुला वाटलं होतं मी रेसिपी विचारतोय.

मला त्या लेखकाचं फार कौतुक वाटतं. दोन जुन्या वाक्यांचं भांडण होतं, आणि त्याने एकालाही घराबाहेर काढलं नाही. भलेही व्याकरण थोडं करपलं.

सगळीकडे तो असा नाही हेही सांगतो, नाहीतर तू लगेच बोट ठेवशील. शमुवेलाच्या पुस्तकात दावीद राजाला शिरगणतीला उभं करतो तो परमेश्वराचा कोप, इतिहासात त्याच जागी सैतान आणून बसवलाय. दाविदाचं बथशेबेशी, दुसऱ्याच्या बायकोशी, झालेलं प्रकरण तर गुपचूप गाळलं. राब्बाच्या वेढ्याच्या वेळी दावीद यरुशलेमेत राहिला, एवढं वाक्य ठेवलं आणि त्या गच्चीवर काय झालं ते पुसलं. हे मला रुचत नाही.

तू कोर्टाची भाषा काढलीस म्हणून आता खरंखुरं कोर्ट. यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक, अध्याय २६. यहोयाकीम नुकताच गादीवर आलाय. यिर्मया मंदिराच्या अंगणात उभा राहून सांगतो की शिलोच्या उद्ध्वस्त पवित्रस्थानाचं जे झालं ते या घराचंही होईल. याजक आणि संदेष्टे त्याला धरतात, म्हणतात, हा मेलाच पाहिजे. सरदार येऊन वेशीत बसतात, आरोप होतो, आरोपीचं म्हणणं ऐकलं जातं. मग गावाकडची काही वडीलधारी माणसं उठतात आणि म्हणतात, मोरेशेथचा मीखा हिज्कीया राजाच्या काळी म्हणाला होता, सियोन शेतासारखी नांगरली जाईल, यरुशलेम ढिगारे होईल. हिज्कीयाने त्याला मारलं का?

मधे शंभरेक वर्षं गेलेली. आज मीखाचं पुस्तक उघडलं तर ३:१२ ला तेच शब्द जवळजवळ जसेच्या तसे आहेत. एका संदेष्ट्याचं नाव घेऊन त्याचं वाक्य असं समोर ठेवायचं, हे तनाखात, म्हणजे तुमच्या शास्त्रात, फार क्वचित होतं, आणि इथे त्यावर एका माणसाचा जीव टांगलेला आहे. पण त्या म्हाताऱ्यांचा युक्तिवाद नीट ऐक. मीखाचं म्हणणं तेव्हा खरं ठरलं नव्हतं. यरुशलेम उभंच होतं. तुझ्या पहिल्या तारखेच्या वकिलाने याच मुद्द्यावर मीखाला खोटा ठरवला असता. हे म्हणतात, राजा घाबरला, देवाची विनवणी केली, देवाने अरिष्ट आवरलं. म्हणजे वचनाने आपलं काम केलं. त्यांच्या दृष्टीने वचन पूर्ण होणं याचा अर्थ 'बोलल्यासारखं घडलं' एवढा चिमुकला नव्हता.

याच अध्यायात पुढे उरीया नावाच्या संदेष्ट्याची गोष्ट आहे. तोही हेच बोलला होता. तो मिसरात पळाला, राजाने माणसं पाठवून त्याला तिथून आणवला आणि तलवारीने मारला. त्याच्यासाठी कोणाला जुनं वचन आठवलं नाही. यिर्मयाच्या पाठीशी शाफानाचा मुलगा अहीकाम होता, म्हणून तो वाचला. नुसत्या संदर्भांनी माणूस सुटत नाही, ओळखीही लागतात. हे वाचलं की मला आपला तालुका आठवतो.

योनाबद्दल, निनवे शहराला इशारा द्यायचं सोडून पळालेल्या त्या संदेष्ट्याबद्दल, तुला मी काय सांगणार, दारफळणीच्या (योम किप्पूरच्या) दिवशी दुपारी तो दरवर्षी तुझ्या कानावर पडतो. निर्गम ३४ मधलं देवाचं ते कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध वगैरे किती जणांनी आळवलं, स्तोत्रांत, योएलात, नहेम्यात. योना एकटाच असा, की तेच शब्द घेऊन देवाशी भांडतो: तू असा आहेस हे मला माहीत होतंच, म्हणून तर मी पळालो! आणि नहूम, तोही निनवेवरच बोलतोय, तो 'मंदक्रोध' म्हणून सुरुवात करतो आणि पुढे मूळ वचनातली शेपटी पकडतो, की दोषीला तो सोडत नाही. योनाने नेमकी तीच शेपटी टाकली होती. शहर एक, वचन एक, कात्री दोघांच्या हाती. मग अर्धं वाक्य उचलल्याचा गुन्हा एकट्या मत्तयावर का रे?

आता मूळ केस. होशेय ११ अर्ध्या वाक्यावर न थांबता खाली वाच. लेकराला चालायला शिकवलं, हात धरले, आणि ते पोर ऐकेना. मग अश्शूरचं संकट. होशेय आधी दोनदा सांगून चुकलाय की एफ्राइम, म्हणजे उत्तरेचं इस्राएल, परत मिसरात जाणार, ८:१३ आणि ९:३. मग देवाचंच काळीज हलतं, तुला कसा सोडू, एफ्राइमा? आणि अकराव्या वचनात ते मिसरातून पाखरांसारखे थरथरत येतात. म्हणजे मिसरातून बाहेर येणं ही होशेयालाही फक्त मागची गोष्ट राहिलेली नाही. ती पुन्हा घडायची आहे. मत्तयाने अर्धं वाक्य लिहिलं, पण डोळ्यांपुढे त्याच्या अख्खं पान असावं. तेव्हा अध्यायांना आकडे नव्हते. पान दाखवायचं तर त्यातले दोन शब्द म्हणायचे, जसं तुम्ही अजून पहिल्या पुस्तकाला त्याच्या पहिल्या शब्दाने बरेशीत म्हणता.

आणखी एक, हे तुला आवडेल. ग्रीक भाषांतरात होशेयाच्या त्या जागी 'माझा मुलगा' नाहीच, 'त्याची मुलं' आहे. मत्तय लिहितो ग्रीकमध्ये, पण इथे चालतो हिब्रूच्या मागे. आणि त्याने मांडलेली उलथापालथ बघ. पोरं मारणारा राजा आता यहूदियात बसलाय आणि आसरा देतोय मिसर. हेरोद राजाच्या अंगावर त्याने मोशेच्या वेळच्या, पोरं मारणाऱ्या फारोचे कपडे चढवलेत. हे ज्याला सुचलं त्याला होशेय वाचता येत नव्हता असं मी तरी मानणार नाही.

यशया ७:१४ वर मात्र माझी बाजू लंगडी आहे. एका मुलीला मुलगा होईल असं ते वचन, मत्तय ते येशूच्या जन्माला लावतो. तिथे मत्तय ग्रीकच्या मागे गेला, जिथे शब्द पुरुषाचा स्पर्श न झालेल्या मुलीचा आहे. हिब्रूत 'अल्मा', तरुण मुलगी. प्रसंग आहाज राजाचा, दोन शेजारी राजे चालून आलेत, आणि खूण अशी की ते पोर बरंवाईट ओळखू लागायच्या आत त्या दोघांचे देश ओसाड पडतील. आहाजाला सातशे वर्षांनंतरची खूण काय कामाची होती? आमच्या मराठीत 'कुमारी' शब्द आहे, तो या पेचात मोठा सोयीचा. लग्नपत्रिकेतली कुमारी म्हणून वाचा नाहीतर ग्रीकसारखी वाचा, शब्द दोन्हीकडे मान हलवतो.

आणि आमच्या बाजूचं एक उदाहरण, जे मला मुळीच पटत नाही. अनुवाद २५:४, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नये. आमचा प्रेषित पौल हे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात काढतो. मुद्दा असा की सुवार्ता सांगणाऱ्याला त्यावर पोट भरायचा हक्क आहे. इथवर ठीक. पण मधेच विचारतो, देवाला बैलांची काळजी आहे काय? हे सगळं आपल्यासाठीच लिहिलंय ना?

आमच्या गावच्या खळ्यावर मी लहानपणी बैलांमागे फिरलोय. मधे तिवडा, भोवती बैल, कणसांचा तो गोड धुळकट वास. कोळपताना आजोबा मुसकी घालायचे, उभ्या पिकात बैल तोंड घालतो म्हणून. मळणीला मात्र सगळी काढून खुंटीला. बैल चालता चालता एखादं कणीस ओढायचा, मी हाकलायला गेलो की मलाच ओरडा बसायचा. एकदा पाळकसाहेबांनी नेमका हाच उतारा उपदेशाला घेतला. बाहेर पडताना आजोबा एवढंच बोलले, "पौलाने कधी पात हाकली नसावी."

नव्हतीच. तार्सचा माणूस, धंदा तंबूचा. त्याच्या बाजूने एवढं म्हणता येईल की अनुवादाच्या त्या अध्यायात बैलाच्या आधी चाळीसवर फटके मारू नका, तुझा भाऊ तुच्छ ठरेल, असा नियम आहे, आणि बैलानंतर लगेच भावाच्या विधवेचा. बैल माणसांच्या घोळक्यात उभा आहे, तेव्हा पौलाला त्यात माणूस दिसला तर नवल नाही. आणि एवढा हक्क सिद्ध करून पत्राच्या त्याच अध्यायात तो सांगतो की मी हा हक्क वापरलेला नाही. हे मात्र मानलं.

पण होशेय अकराचं चौथं वचन, तुझ्याच खटल्याच्या कागदांतलं, बघितलंस का? देव म्हणतो, त्यांच्या जबड्यावरचं जू वर उचलणाऱ्यासारखा मी त्यांना झालो, आणि वाकून त्यांना खाऊ घातलं. परवा रात्री हे वाचलं आणि आजोबांची मुसकी लटकवायची खुंटी डोळ्यांसमोर आली. घर विकलं, पण ती खुंटी भिंतीत तशीच होती.

असो. पाठ दुखायला लागली. वहिनींना नमस्कार सांग, आणि नात आता मराठी बोलते का ते कळव. अश्दोदचा उकाडा कमी झाला की एक काम कर. होशेयाचा अकरावा अध्याय हिब्रूत वाचून व्हॉट्सॲपवर पाठव. अख्खा पाठव. अर्ध्यावर थांबलास तर मत्तयाला साक्षीला बोलावीन.

तुझा,
विजू