सत्तेचाळीस वाक्यांत मावणारी मराठी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डिसेंबर २०२५ मध्ये, २० ते २४ या तारखांना, मुंबईच्या आयआयटीत संगणकीय भाषाविज्ञानाची, म्हणजे यंत्राला माणसाची भाषा शिकवणाऱ्या शास्त्राची, आशिया-प्रशांत विभागाची परिषद झाली आणि ती आटोपून आठवडा होतो न होतो तोच, १ जानेवारी २०२६ रोजी, आमच्या साताऱ्यात ९९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. संमेलनाबद्दल मराठी वृत्तपत्रांतून भरभरून छापून आले, आणि ते यायलाच हवे. परिषदेविषयी मात्र माझ्या वाचनात फारसे काही आले नाही. मी महाविद्यालयात मराठी व्याकरण शिकवून निवृत्त झालो आहे आणि संगणकाचे माझे ज्ञान नातवाने शिकवले तेवढेच आहे. तरीही गेली तीन-चार वर्षे अशा परिषदांचे शोधनिबंध, निम्मे कळत आणि निम्मे न कळत, मी चिकाटीने वाचत आलो आहे. यंत्राला मराठी येते की नाही हे किती तोकड्या कसोटीवर ठरते, ही एक गोष्ट त्या वाचनातून मनाला लागून राहिली; ती मराठीच्या अध्यापकांपुढे यावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या विद्याशाखेची रीत आपल्या विद्यापीठीय चर्चासत्रांपेक्षा निराळी आहे. येथे नियतकालिकांपेक्षा परिषदेतल्या निबंधाला मान अधिक. साधारण आठ पानांचा निबंध लेखकाचे नाव झाकून परीक्षकांकडे जातो, बरेच निबंध नाकारले जातात, आणि जे स्वीकारले जातात ते १९६२ साली स्थापन झालेल्या संगणकीय भाषाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या संग्रहात कोणालाही विनामूल्य वाचायला मिळतात. साताऱ्यातल्या निवृत्त माणसाला ते वाचता येतात, तर आपल्या मराठी विभागांना ते मिळत नाहीत, अशी सबब चालणार नाही.

त्या निबंधांत बहुतेक वाद सुटतात ते ‘कसोटी-संचा’वर. आधीपासून बाजूला काढून ठेवलेली काही वाक्ये आणि त्यांची माणसांनी ठरवलेली अचूक उत्तरे म्हणजे कसोटी-संच. यंत्राला ती वाक्ये द्यायची, त्याची उत्तरे ताडून पाहायची आणि गुण मांडायचे. दहावीच्या वर्गात जे परीक्षेला येते तेच शिकवले जाते, हे आपण सारे जाणतो. येथेही तसेच आहे. कसोटीत जे असते त्यावर जगभरचे संशोधक कष्ट घेतात, आणि जे नसते ते यंत्राला येते की नाही हे कोणी विचारीतही नाही.

आता मराठीची कसोटी कशी आहे ते पाहू. वाक्यातील पदांचे परस्परसंबंध अनेक भाषांसाठी एकाच पद्धतीने दाखवणारा एक मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प आहे. त्यातला मराठीचा भाग मुख्यतः विकिस्रोत या जालावरील मुक्त ग्रंथसंग्रहातल्या गोष्टींतून तयार झाला असून त्यात एकूण ४६६ वाक्ये आहेत. त्यांपैकी परीक्षेसाठी राखून ठेवलेली वाक्ये ४७. २०२० साली चाळीस भाषांमधील यंत्रांचे कौशल्य एकत्र मोजण्यासाठी जो प्रसिद्ध संच जाहीर झाला, त्यातील शब्दजाती ओळखण्याच्या परीक्षेत वेगवेगळ्या भाषांची वाक्यसंख्या ४७ पासून २०,४३६ पर्यंत होती. त्या कोष्टकातला सर्वांत लहान आकडा आपला. २०११च्या जनगणनेनुसार आठ कोटी तीस लाख लोकांची मातृभाषा असलेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात ठरलेली भाषा यंत्राला समजते किंवा नाही, याचा निवाडा सत्तेचाळीस वाक्यांवर झाला आणि तो निवाडा आकड्यांसह निबंधानिबंधांतून उद्धृत झाला. ज्यांनी ती ४६६ वाक्ये तयार केली त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी निदान तेवढी केली. आम्ही व्याकरण शिकवणाऱ्यांनी एकही केले नव्हते.

भाषांतराची कसोटी संख्येने मोठी आहे, पण तिचे दुखणे वेगळे. मेटा कंपनीच्या संशोधकांनी प्रथम शंभरावर आणि पुढे दोनशेवर भाषांसाठी केलेला, आज सर्वत्र वापरला जाणारा संच ३,००१ वाक्यांचा आहे. ही वाक्ये इंग्रजी विकिबातम्या, मुलांसाठीची माहितीपुस्तके आणि प्रवासवर्णने अशा ८४२ लेखांतून घेतली आणि मग प्रत्येक भाषेत अनुवादित केली. म्हणजे त्यातले एकही मराठी वाक्य मुळात मराठीत सुचलेले नाही. त्यामुळे मराठीतून हिंदीत भाषांतर करण्याची यंत्राची परीक्षा होते तेव्हाही, इंग्रजीच्या एका अनुवादावरून इंग्रजीच्याच दुसऱ्या अनुवादापर्यंत पोहोचता येते की नाही, एवढेच तपासले जाते. शेजारी राहणाऱ्या दोन बहिणींनी एकमेकींचे कुशल लंडनमार्गे विचारावे, तसा हा प्रकार आहे.

यात मराठीचे नेमके काय हरवते, हे सांगण्यासाठी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन शब्द पुरेत. ‘आम्ही उद्या पंढरपूरला जाणार आहोत’ असे म्हटले की ऐकणारा घरीच राहणार, आणि ‘आपण उद्या पंढरपूरला जाणार आहोत’ म्हटले की त्याने पिशवी भरायला घ्यावी. इंग्रजीला हा भेद नाही, त्यामुळे इंग्रजीतून आलेल्या वाक्यात अनुवादकाने अंदाजाने जे लिहिले तेच ‘अचूक उत्तर’ ठरते आणि यंत्राचे दुसरे, कदाचित अधिक योग्य, उत्तर चुकीचे धरले जाते. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि आदरार्थी ‘आपण’ यांचेही तेच. सासूशी बोलणारी सून आणि बहिणीशी बोलणारी बहीण यांच्या वाक्यांत मराठीत जो फरक पडतो, तो प्रवासवर्णनाच्या अनुवादात येणार कोठून?

गुण मोजण्याची पद्धतही तपासून पाहण्यासारखी आहे. २००२ साली फिलाडेल्फियाच्या परिषदेत आयबीएमच्या संशोधकांनी मांडलेला ‘ब्ल्यू’ नावाचा गुणांक अजूनही वापरात आहे. यंत्राच्या उत्तरातले शब्द आणि शब्दांच्या छोट्या साखळ्या माणसाच्या उत्तराशी किती जुळतात, हे तो मोजतो. इंग्रजीला हे सोसते. मराठीत सामान्यरूपाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये चिकटत जातात, हे शाळेपासून आपण शिकतो. ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ हा आपला एक शब्द. हिंदीत त्यासाठी ‘घर के सामने वालों ने भी’ असे सहा सुटे शब्द लागतात. आता यंत्राने ‘घरासमोरच्यांनीही’ असे लिहिले, तर अर्थ तोच, व्याकरण शुद्ध, पण तो सबंध शब्द जुळला नाही म्हणून गुण शून्य. हिंदीत अशीच अदलाबदल झाली तर सहांतला एकच शब्द चुकीचा ठरला असता. २०२० साली यंत्र-भाषांतराच्या परिषदेत जवळच्या भाषांच्या स्पर्धेत हिंदी-मराठी ही जोडी होती. तिचे निकाल वाचताना मला सारखे हेच आठवत होते. शब्दांऐवजी अक्षरांचे तुकडे जुळवून पाहणारा गुणांक २०१५ पासून उपलब्ध आहे आणि तो आपल्यासारख्या भाषेला अधिक न्याय देतो, पण कोणता गुणांक आपल्याला न्याय देतो हे सांगायला आपलेच कोणी त्या सभेत असावे लागते.

एक लहान गोष्ट सांगतो, जी मुद्रितशोधकांना तत्काळ पटेल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यास बोलवा’ आणि ‘आचाऱ्यास बोलवा’ यांत पहिल्याने प्रवचन होईल आणि दुसऱ्याने पंगत. ‘ऱ्य’मधला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. त्यांतल्या एका रीतीत ‘र’ आणि ‘य’ यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. जालावरून मजकूर गोळा करताना अशी अदृश्य चिन्हे केर समजून झाडून टाकण्याची सवय अनेकांना आहे. ती झाडली की दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांचे आचार्य. चूक करणाऱ्याला ती दिसत नाही, कारण त्याला मराठी येत नाही. आणि ज्याला मराठी येते तो तो मजकूर पाहतच नाही. सातारा, महाबळेश्वर, पाटण या भागात राहणाऱ्या माणसाला आपल्या सगळ्या दऱ्या समुद्रात गेल्याचे दुःख जरा अधिक होते, एवढे क्षमस्व.

महाराष्ट्रात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठीचे शब्दजाल, म्हणजे अर्थाच्या नात्यांनी गुंफलेला संगणकीय कोश, मुंबईच्या आयआयटीत तयार झाले. शब्दजालांची जागतिक परिषद २०१० मध्ये आणि संगणकीय भाषाविज्ञानाची ‘कोलिंग’ ही जुनी आंतरराष्ट्रीय परिषद २०१२ मध्ये तेथेच भरली. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटातील तरुणांनी मराठी मजकुराचा मोठा साठा आणि व्यक्तिनामे, स्थलनामे ओळखण्यासाठी पंचवीस हजार वाक्यांचा संच करून तो सर्वांसाठी खुला केला. पण ही मंडळी बहुतांशी अभियांत्रिकीची आहेत, आणि त्यांना सहज मिळतो तो मजकूर बातम्यांचा. माहिती-शोधाच्या संशोधनासाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उपक्रमातही मराठीचा साठा दैनिकांच्या बातम्यांतूनच आला होता. संपादक महोदय, आपल्या व्यवसायाचा पूर्ण मान राखून म्हणतो की, ‘गुन्हा दाखल करण्यात आला आहे’ आणि ‘उपस्थितांचे आभार मानले’ एवढ्यावर यंत्राने मराठी शिकू नये. सातबाऱ्यातली मराठी, दवाखान्यात वेदना सांगणाऱ्या आजीची मराठी, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी यांतले काही त्यात दिसत नाही.

येथेच माझी विनंती आहे आणि ती मुख्यतः आमच्याच लोकांना आहे. १९५०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या उन्हाळी शाळा भरत, आणि देशभरचे भाषाशिक्षक पुन्हा विद्यार्थी होऊन तेथे आधुनिक भाषाविज्ञान शिकत. आता संगणकीय भाषाविज्ञानासाठी तसे का होऊ नये? रिद्धपूरचे नवे मराठी भाषा विद्यापीठ, राज्य मराठी विकास संस्था आणि चार-दोन विद्यापीठांचे मराठी विभाग यांनी मिळून अस्सल मराठीतच जन्मलेल्या हजार वाक्यांचा एक कसोटी-संच करावा. त्यात कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग असावेत, आदराच्या सगळ्या पायऱ्या असाव्यात, १९६२ आणि १९७२च्या लेखननियमांपूर्वीची अनुस्वारयुक्त मराठी असावी, आणि बोलींची वाक्ये ध्वनिमुद्रणासह असावीत. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींचे जे सर्वेक्षण केले आहे, त्यामुळे निम्मी वाट आधीच तयार आहे. प्रत्येक वाक्याला एकच अचूक उत्तर न ठेवता चालतील ती सगळी उत्तरे द्यावीत. मग तो संच एखाद्या परिषदेत खुली स्पर्धा म्हणून मांडावा. भाग घ्यायला जगभरचे संघ येतात, त्यांना बोलवावे लागत नाही. खर्च एका चर्चासत्राच्या भोजनाइतकाही येणार नाही, असे मी अनुभवावरून म्हणतो.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. वृत्तपत्राच्या जुन्या अंकांतील वाचकांच्या पत्रव्यवहाराचा काही भाग, पत्रलेखकांची नावे-पत्ते वगळून, संशोधनासाठी खुला करता येईल का, याचा विचार व्हावा. बातमीपेक्षा त्यात रोजच्या बोलण्याची मराठी अधिक असते, रागाचीही असते.

वर्गात विद्यार्थ्यांना अडवण्यासाठी मी वर्षानुवर्षे जमवलेल्या वाक्यांची एक वही माझ्याकडे आहे. कर्ता कोणता, प्रयोग कोणता, ‘आपण’ येथे कोण, असे प्रश्न ज्यांवर हमखास चुकतात, अशी ती वाक्ये आहेत. काल ती मोजून पाहिली, दोनशे बारा भरली. कोणी हे काम हाती घेत असेल तर वही नेण्यासाठी साताऱ्याला येण्याचीही गरज नाही; नातवाकडून टंकून घेऊन मी ती पाठवीन, आणि त्याच्याकडून ‘दऱ्या’ नीट उमटल्या आहेत की नाहीत हे स्वतः तपासून पाहीन.

आपला,
एक निवृत्त मराठी प्राध्यापक,
सातारा