आज घरात काय शिजलं?

अंबाजोगाई,
रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टर झाल्यावरची तुझी बाँडची, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेची, पोस्टिंग नंदुरबारच्या अक्कलकुवा तालुक्यात लागली हे कळलं, त्या रात्री आई स्वेटर आणि लाडवांच्या डब्यांच्या मागे लागली. मी माळ्यावरून माझ्या जुन्या वह्या काढल्या. सव्वीस वर्षं टीबीच्या कामात गेली. वह्यांत गोळ्यांचे हिशेब आहेत, थुंकीचे रिपोर्ट आहेत, कोण आलं, कोण चुकलं ते सगळं आहे. वजनाचा रकाना मात्र पहिल्या दिवशी भरलेला आणि पुढे बहुतेक ठिकाणी कोराच. तो बघून झोप लागली नाही, म्हणून तुला लिहायला बसलो.

२००४ सालची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू तीन वर्षांची होतीस. ऊसतोडीहून परतलेला एक माणूस होता, पस्तिशीचा, वजन ३८ किलो, थुंकीत जंतू भरपूर. तेव्हा गोळ्या दिवसाआड असायच्या आणि प्रत्येक पेशंटच्या नावाचा वेगळा डबा असायचा. त्याचा डबा गावातल्या अंगणवाडीताईंकडे ठेवला होता. तीन आठवडे तो नियमित गेला, मग जायचाच बंद झाला. मी मोटारसायकल काढून वस्तीवर गेलो. बायको चुलीवर कण्या शिजवत होती, पातेल्यात कण्या कमी आणि पाणी जास्त. चार लेकरं चुलीभोवती बसलेली. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, गोळ्या का सोडल्या? तो म्हणाला, "साहेब, गोळ्या घेतल्या की लई भूक लागती. मग ल्येकरांच्या ताटातलं खावं लागतं. त्यापरीस न घेतलेल्या बऱ्या."

मी काय उत्तर दिलं असेल? जे रोज वीस जणांना देत होतो तेच. "असं करून चालणार नाही. गोळ्या घ्या आणि चांगलं खा-प्या. दूध, अंडी, फळं." परत येऊन त्याच्या नावापुढे लाल शाईने 'डिफॉल्टर' लिहिलं. दिवाळीनंतर तो वारला. दुसऱ्या वर्षी त्याची थोरली मुलगी, चौदा वर्षांची, थुंकीची डबी हातात धरून माझ्या टेबलासमोर उभी राहिली. ती बरी झाली. पण ती आजारीच पडली नसती, हा विचार मला तेव्हा शिवलासुद्धा नाही.

आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं की औषधं नियमित पोटात गेली की टीबी बरा होतो, आहाराचं फार मनावर घेऊ नका. हे कुणी मनचं सांगत नव्हतं. त्यामागे मद्रासचा अभ्यास होता आणि तो तू मुळातून वाचावास असं मला वाटतं. त्याआधी टीबी झाला की सॅनेटोरियम. माझ्या मामांना मिरजेजवळ वानलेसवाडीला आठ महिने ठेवलं होतं. हवा, विश्रांती, सकाळ-संध्याकाळ दूध. आपल्यासारख्या देशात इतक्या खाटा येणार कुठून? म्हणून १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. निम्म्या पेशंटना सॅनेटोरियममध्ये ठेवून औषध दिलं, निम्म्यांना त्यांच्या घरीच, म्हणजे दाटीच्या वस्तीत आणि तुटपुंज्या जेवणावर. १९५९ मध्ये निकाल आला. घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्यामुळे घरच्यांना काही जास्त धोका झाला नाही. या अभ्यासाने जगभरातल्या सॅनेटोरियमची गरज संपवली आणि कोट्यवधी गरिबांना घरात राहून बरं होता आलं. त्याचे उपकार मोठे आहेत.

पण त्यातून एक भलताच अर्थ लोकांनी काढला. औषध असेल तर कमी खाऊनही जंतू मरतात, एवढं मद्रासने दाखवलं होतं. मुळात आजारी कोण पडतं, हा प्रश्न त्या प्रयोगाचा नव्हताच. आपण मात्र पन्नास वर्षं असं वागलो की टीबीशी अन्नाचा संबंध नाही. संशोधनाचा निष्कर्ष वाचताना त्यांनी नेमकं काय विचारलं होतं ते आधी बघ, ही सवय लाव. मी लावली नाही.

आता झारखंडचं ऐक. डॉ. अनुराग भार्गव आधी छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यात होते. तिथल्या टीबीच्या पेशंटांची वजनं त्यांनी मांडली तेव्हा दिसलं की निम्म्या पुरुषांचं वजन ४२ किलोच्या आत आहे आणि निम्म्या बायकांचं ३४ किलोच्या आत. चौतीस किलो, मनू. तू सातवीत असताना तुझं वजन याहून जास्त होतं. पुढे ते आणि डॉ. माधवी भार्गव मंगळूरच्या येनेपोया मेडिकल कॉलेजात असताना त्यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत 'रेशन्स' नावाचा मोठा अभ्यास केला. फुप्फुसाचा टीबी असलेले २८०० पेशंट आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं. २०१९ मध्ये सुरुवात झाली, मधे करोना येऊन गेला, तरी धान्य पोचत राहिलं. पेशंटला सगळीकडेच महिन्याला दहा किलोची पिशवी दिली, त्यात तांदूळ, डाळ, दूधपावडर, तेल आणि जोडीला व्हिटॅमिनच्या गोळ्या. फरक होता तो घरच्यांच्या बाबतीत. अर्ध्या भागांत घरच्यांनाही धान्य दिलं, माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ. बाकीच्या भागांत फक्त पेशंटला.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. ज्या घरांत सगळ्यांना धान्य मिळालं तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि फुप्फुसाचा, थुंकीत सापडणारा, म्हणजे पुढे पसरणारा टीबी ४८ टक्क्यांनी कमी. कशाने? तांदूळ आणि तूरडाळीने. लातूरच्या आडतीत जी पोत्यांनी पडलेली असते तीच डाळ.

त्यांनी असाही हिशेब मांडला आहे की साधारण तीस घरांना धान्य दिलं की एक टीबी टळतो. माझा एक जुना सहकारी म्हणाला, "एकासाठी तीस घरं? परवडायचं नाही." तीस घरं म्हणजे आपल्याकडचा एक तांडा. त्या तांड्यातली एक पोरगी डबी घेऊन दवाखान्याची पायरी चढणार नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. आणि बाकीच्या एकोणतीस घरांतही डाळ शिजलीच की.

डॉक्टर म्हणून तुझ्या रोजच्या कामाची गोष्ट त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात आहे. त्या पेशंटांपैकी दर पाचांतले चार कुपोषित होते आणि जवळजवळ निम्मे अति कुपोषित. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. पाच टक्के म्हणजे किती? ३८ किलोच्या माणसाला दोन किलोसुद्धा नाही. माझ्या त्या माणसाला दोन किलो चढवणं अवघड नव्हतं गं. मी त्याला दुसऱ्यांदा काट्यावर उभंच केलं नाही.

तेव्हा गोळ्या सुरू करताना वजन घे आणि दर महिन्याला घेत जा. थुंकी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नको. वजन जागचं हललं नसेल तर खोलात जा. औषधं चुकतात का, मधुमेह आहे का, दारू आहे का, की घरात धान्यच नाही? औषध पहिलं, त्यात काही तडजोड नाही. पण उपाशी पोटी चार गोळ्या गिळणाऱ्याला मळमळतं, उलटी होते, आणि आपण त्याला बेजबाबदार ठरवतो.

तमिळनाडूने २०२२ पासून एक फार शहाणपणाची गोष्ट केली आहे. नवीन पेशंट आला की त्याच दिवशी बघायचं: उंचीच्या मानाने वजन किती, पायावर सूज आहे का, श्वास किती चालतो, ऑक्सिजन किती, आधाराशिवाय उभं राहता येतं का. यात गडबड असेल तर त्याला घरी न पाठवता भरती करायचं. याला ना मोठं मशीन लागतं, ना लॅब. टीबीचे मृत्यू बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या वहीत अशी कितीतरी नावं आहेत ज्यांच्यापुढे पहिल्या महिन्यात गोळ्या घेतल्याच्या दोनच खुणा आहेत.

टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी दर महिन्याला मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पाचशे रुपये सरकारने नोव्हेंबर २०२४ पासून हजार केले, हे चांगलं झालं. पण ते बँकेच्या खात्यात येतात आणि तुझ्या भागात खातं आणि माणूस एका ठिकाणी असतीलच असं नाही. आधार जुळत नाही, खातं बंद पडलेलं असतं, मोबाईल मुलाकडे सुरतेत. पहिल्याच आठवड्यात आशाताईंना घेऊन बस आणि कुणाचे पैसे कुठे अडकलेत ते बघ. रेशनकार्डावर सुनेचं आणि नातवंडांचं नाव चढलंय का तेही विचार. हे डॉक्टरचं काम नाही असं तुला कुणीतरी सांगेल. मलाही सांगितलं होतं आणि मी ऐकलं.

आणखी एक. तुझ्याकडची माणसं दिवाळीनंतर गुजरातेत ऊस तोडायला जातात, आमची पश्चिम महाराष्ट्रात जायची तशीच. उचल घेतलेली असते, त्यामुळे थांब म्हटलं तरी ती थांबत नाहीत. रागावू नको. निघायची तारीख आधी विचारून ठेव, गोळ्या बरोबर दे, तिकडच्या केंद्राला कळव. आणि घरी मागे राहिलेली म्हातारी आणि लेकरं तपासायची राहू देऊ नको. आम्ही पेशंटच्या मागे धावलो आणि एकाच ताटात जेवणाऱ्यांकडे बघितलंच नाही.

"चांगलं खा-प्या" हे वाक्य मात्र कुणाला बोलू नको, एवढं माझ्यासाठी कर. त्याऐवजी विचार, आज घरात काय शिजलं? काल रात्री काय होतं? शेवटची डाळ कधी झाली? बाईला विचारशील तर बरोबर सांगेल, पुरुष लाजतात. आणि ती स्वतः कितव्यांदा जेवायला बसते तेही विचार. बहुतेक घरांत ती शेवटी बसते, उरलं तर.

परवा लातूरला जाऊन एक डिजिटल वजनकाटा घेतला. तुझ्या केंद्रात असेलही, पण काटे बिघडतात आणि नवा यायला वेळ लागतो. एसटीच्या पार्सलने पाठवतो आहे, लाडवाचा डबा त्याच खोक्यात आहे. काटा सपाट फरशीवर ठेव, मातीच्या जमिनीवर आकडा चुकतो. चपला काढायला लाव. सोबत जादा सेल दिलेत. मी घरी चार-पाचदा उभा राहून बघितलं, शंभर ग्रॅमचा फरकही बरोबर दाखवतो.

पार्सल मिळालं की फोन कर.

तुझा
बाबा