विजापूरच्या सहलीत ‘दाद महाल’ही असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निपाणी भागातल्या मराठी शाळेत मी तीस वर्षे शिकवले. ‘दाद मागणे’ हा वाक्प्रचार फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, त्याला गणती नाही. तो दाद शब्द ज्या इमारतीच्या नावात आहे ती मात्र निवृत्तीनंतर पाहिली, तीही मुलाने गाडी घेतली म्हणून.

चिकोडी, अथणी करत आम्ही विजापूरला गेलो. (पाट्यांवर आता विजयपूर असते, पण घरात तोंडी विजापूरच.) अथणी सोडली की दुतर्फा जोंधळा, तिकोट्याकडे द्राक्षबागा. एका बांधावर गाडी थांबवून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली.

गोल घुमटात सगळ्यांसारखेच ओरडून झाले. नंतर मुलगा म्हणाला, “आई, आता तुझी कचेरी बघू.” ही कचेरी म्हणजे आसार महाल. महंमद आदिलशहाने १६४६ च्या सुमारास तो न्यायदानासाठी बांधला, म्हणून नाव दाद महाल. पुढे पैगंबरांचे पवित्र अवशेष तिथे ठेवले गेले आणि नाव बदलले. आतल्या भागात बायकांनी न जाण्याची प्रथा आहे. त्यामुळे हे आणि मुलगा आत गेले, मी बाहेर हौदाच्या काठावर बसले. दाद मागायला आलेली बाई बाहेरच, असे मनात आले आणि माझे मलाच हसू आले.

पण बसले ते बरेच झाले. दर्शनी बाजूला सागवानाचे चार खांब आहेत. छतापर्यंत नजर न्यायची तर पदर सावरून मान मागे टाकावी लागते. दगडाच्या या गावात एवढे लाकूड! हौदाच्या पाण्यात ते चारही खांब उलटे उभे होते; एक कबुतर पाण्याला टेकून गेले की चौघेही मोडायचे आणि हळूहळू पुन्हा जुळायचे.

तिथून गगन महाल. १५६१ चा, अली आदिलशहा पहिला याचा दरबार. छप्पर केव्हाच गेले, साठ फुटांहून रुंद मधली कमान तेवढी उभी आहे. १६८६ मध्ये राज्य बुडाले ते याच गावात, औरंगजेबापुढे. शहाजीराजे याच दरबाराचे सरदार होते. त्याआधी इब्राहिम आदिलशहा पहिला याने वसुलाचे हिशेब फारसी सोडून देशी भाषेत लिहायला लावले आणि मराठी जाणणारे कारकून दफ्तरात शिरले. अर्ज, फिर्याद, तारीख, वसूल, दफ्तर! फारसीतून आलेले हे शब्द आमच्याकडचा शेतकरी आजही तलाठ्यापुढे बोलतो. मुलांना हे तिथे, त्या कमानीखाली उभे करून सांगायला हवे होते, असे वाटून गेले. मी स्वतः चार सहली विजापूरला नेल्या. गोल घुमट, इब्राहिम रोजा, मुलूख मैदान तोफ, आणि बस लगेच आलमट्टी, कूडलसंगमकडे. चूक माझीही आहे.

सीमाभागातल्या शाळांचे सहलीचे बेत दिवाळीनंतर ठरतात. शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती की आलमट्टीच्या बागेतला एक तास कापून या दोन जागांना द्यावा. गोल घुमटापासून आसार महाल फार लांब नाही. टांगेवाल्याला नाव सांगितले की पुरते, आणि मुलांना टांगाही मिळतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
निपाणी